मातीतली स्ट्रॉबेरी हायड्रोपोनिक्समध्ये नेताना: आधी क्राउन सांभाळा

हायड्रोपोनिक्ससाठी, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावर वाढवायला, स्ट्रॉबेरीची रोपं शोधायला निघालं की हाती बहुधा मातीतलीच रोपं येतात. महाबळेश्वर, पाचगणी आणि वाईच्या पट्ट्यात उन्हाळ्याच्या शेवटी मातृरोपं येतात, पावसाळाभर त्यांचे रनर, म्हणजे टोकाला पिल्लू येणारे आडवे दोर, पिशव्यांमध्ये रुजवले जातात आणि सप्टेंबरपासून ती रोपं शेतात जातात. पुण्या-नाशिकच्या नर्सरीत काळ्या पिशवीत उभं असलेलं रोपही बऱ्याचदा याच वाटेनं आलेलं असतं. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमधली स्वच्छ रोपं मिळाली तर उत्तमच, पण गच्चीवरच्या वीस रोपांसाठी ती शोधत बसण्यात हंगाम निघून जातो. त्यापेक्षा मातीतलं रोप नीट धुऊन लावलेलं बरं.

हे काम करताना बहुतेकांचं सगळं लक्ष मुळांवर असतं. एकही मूळ तुटू नये म्हणून तासभर जपून माती काढतात आणि मग रोप नेट कपात (जाळीदार कपात) इतकं खोल बसवतात की आठवड्यात ते कुजतं. स्ट्रॉबेरीचा जीव क्राउनमध्ये असतो. क्राउन म्हणजे पानं आणि मुळं यांच्या मधला तो बुटका, जाड खोडाचा भाग. नवी पानं, फुलांचे दांडे, रनर आणि नवी मुळं सगळं तिथूनच निघतं. माती धुताना पाणी शोषणारी बारीक मुळं तुटणारच, ती वाचवता येत नाहीत. जाड मुळांत साठवलेल्या अन्नावर रोप काही दिवस काढतं आणि तेवढ्यात नवी पांढरी मुळं फुटली की सुटलं. आपलं काम एवढंच, की हे दिवस क्राउन कोरडा पडू नये आणि कुजूही नये. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबानं वाचा.

वेळ कोणती

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या भागांत ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य. ऑक्टोबर हीट चालू असताना रोप हलवलं तर उघडी मुळं आणि तापलेलं पाणी असा दुहेरी मार बसतो. मुंबई, कोकण आणि गोव्यात नोव्हेंबरअखेरीपर्यंत थांबा आणि हंगाम छोटाच असेल हे गृहीत धरा. विदर्भात दिवाळीनंतर थंडी चांगली पडते, पण फेब्रुवारीनंतर ऊन लवकर चढतं, त्यामुळे तिथे उशीर नको.

आपल्याकडे मिळणाऱ्या स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन या जाती लहान दिवसांत फुलणाऱ्या आहेत. महाराष्ट्रात उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो, म्हणून इथे फुलोऱ्याला दिवसाच्या लांबीपेक्षा उष्णता जास्त नडते. दिवसा 18 ते 25 अंश आणि रात्री 10 ते 15 अंश मिळाले की रोप खूश. घरात एलईडीखाली वाढवणाऱ्यांनीही आधी खोलीचं तापमान बघावं, दिव्याचे वॅट नंतर मोजावेत.

रोप घेताना

पिशवीतून रोप काढून मुळं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नर्सरीवाला कुरकुरला तर दुसरा बघा. क्राउन पेन्सिलीपेक्षा थोडा जाड, दाबल्यावर टणक हवा. तीन ते पाच पानं पुरेत. भरगच्च पानोळा आणि वर दोन लाल फळं लटकलेलं रोप दिसायला छान असतं, पण हलवायला सर्वांत अवघड, कारण फळं पोसायला लागलेलं रोप नवी मुळं काढायला कचरतं. मुळं फिकट तपकिरी असली तरी चालतील, काळी पडलेली आणि बोटानं ओढल्यावर वरची साल सुटून आतला दोरा हातात येणारी चालणार नाहीत.

दहापेक्षा जास्त रोपं घेत असाल तर त्यातलं एक बळी द्या. क्राउन धारदार चाकूनं उभा चिरा. आतून पांढरट, किंचित हिरवट दिसला तर रोपं निरोगी. लालसर-तपकिरी डाग किंवा संगमरवरासारख्या रेघा दिसल्या तर अँथ्रॅक्नोज किंवा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोग आत शिरलेला आहे आणि तो धुऊन जाणार नाही. एखादं मूळही उभं चिरून बघा. आतला गाभा लाल असेल तर तोही फायटोफ्थोराचाच प्रकार. मातीत असं एखादं रोप मेलं तर बाकीची तग धरतात. एकाच टाकीचं पाणी सगळ्या रोपांच्या मुळांवरून फिरत असेल तर एक रोगट रोप सगळ्यांना पुरतं. त्यामुळे इथे दयामाया नको.

आणि दोन-तीन वर्षं कुंडीत असलेलं, चार-पाच क्राउन फुटलेलं जुनं रोप हलवूच नका. त्यासाठी वेगळी, सोपी वाट आहे, ती शेवटी येते.

कोणत्या पद्धतीत लावायचं

सगळ्या पद्धतींत स्ट्रॉबेरी येते, पण मातीतून आलेल्या रोपासाठी माझी पसंती कोकोपीट आणि ड्रिप. कारणं व्यवहारी आहेत. वीज गेली तर कोकोपीटमध्ये अर्ध्या दिवसाचं पाणी शिल्लक असतं. मुळाला चिकटून राहिलेली थोडी माती तिथे खपून जाते. क्राउनची उंची नंतरही वर-खाली करता येते. रोपामागे दोन ते तीन लिटर कोकोपीट आणि दोन रोपांत 20 ते 25 सेंटीमीटर अंतर ठेवा. ग्रो बॅग, लांबट कुंडी, तळाला भोकं पाडलेली बादली, काहीही चालतं.

एनएफटी, म्हणजे पाइपातून पाण्याचा पातळ थर वाहतो ती पद्धत, दिसायला सुबक असते आणि जागा कमी लागते. पण त्यात पंप बंद पडला की भर दुपारी तासाभरात रोपं माना टाकतात. लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टरशिवाय हा नाद करू नका. शिवाय स्ट्रॉबेरीची मुळं पसरून पाइप तुंबवतात, म्हणून पाइप रुंद घ्या आणि तीन इंची नेट कप वापरा. दोन इंची कप लेट्यूससाठी ठीक आहेत.

एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावलेल्या टबात मुळं सोडायची पद्धत थंड जागी चालते. आपल्या गच्चीवर मात्र टबातलं पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम विरघळतो, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. त्याच वेळी गरम पाण्यात मुळांची प्राणवायूची भूक वाढते आणि पिथियमसारख्या बुरशीलाही तेच पाणी आवडतं.

रोप आणण्याआधी

सगळी यंत्रणा रोपाआधी तयार आणि चोवीस तास चालवून बघितलेली हवी. मुळं धुऊन झाल्यावर पंपाची वायर शोधत फिरण्याची वेळ येऊ नये.

कोकोपीटचं काम सर्वांत वेळखाऊ, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. नारळाच्या काथ्यात पोटॅशियम आणि सोडियम भरपूर असतं. ते तसंच ठेवलं तर काथ्या तुमच्या खतातलं कॅल्शियम धरून ठेवतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम-पोटॅशियम सोडतो. पाच किलोची वीट पाण्यात फुलवा, निथळू द्या, दोन-तीन पाण्यांत धुवा. मग एका लिटरला 3 ग्रॅम या प्रमाणात कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी पुन्हा साध्या पाण्यानं धुवा. निथळलेल्या पाण्याचा ईसी (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारं माप) 0.5 च्या खाली आला की कोकोपीट तयार. ‘लो ईसी’ लिहिलेली वीट घेतली तरी हे करा. लो ईसी म्हणजे धुतलेली. कॅल्शियमवर मुरवलेली असेलच असं नाही.

मीटर दोन लागतात, पीएच आणि ईसी. टीडीएस मीटरवर पीपीएम दिसत असतील तर ते कोणत्या मापाचं आहे ते बघून घ्या. ईसी 1.0 म्हणजे काही मीटरवर 500 आणि काहींवर 700 पीपीएम. इंटरनेटवरचे निम्मे गोंधळ इथूनच होतात, म्हणून या लेखात सगळे आकडे ईसीचे आहेत, मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटरमध्ये. स्वस्त पीएच मीटर महिन्या-दोन महिन्यांत भरकटतो, सोबत मिळणाऱ्या 4.01 आणि 6.86 च्या पुड्यांनी तो जुळवत राहा.

पाण्याचं म्हणाल तर धरणाचं नळाचं पाणी बहुधा मऊ असतं आणि स्ट्रॉबेरीला ते मानवतं. क्लोरीनचा वास असेल तर रात्रभर उघडं ठेवा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी आधी मोजा. ईसी 0.5 पर्यंत असेल तर निभावतं. त्याहून जास्त असेल तर आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिसळा. स्ट्रॉबेरी हे मिठाला फार नाजूक पीक आहे. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी तर चुकूनही वापरू नका, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात.

माती काढणं

आदल्या दिवशी रोपाला पोटभर पाणी द्या, खत देऊ नका. काम संध्याकाळी सावलीत करा, म्हणजे रोपाला रात्रभर सावरायला मिळतं.

तीन बादल्या घ्या, तिन्हींत खोलीच्या तापमानाचं पाणी. फ्रीजचं थंड नको, गच्चीवरच्या टाकीतलं कोमटही नको. पिशवी कापून काढा, रोप वर ओढून काढू नका. गड्डी पहिल्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं नुसती बुडवून ठेवा, पण क्राउन पाण्याबाहेर राहील एवढीच. घट्ट माती आपोआप सुटायला लागते. मग गड्डी पाण्यातच हलकेच हिंदकळवा आणि बोटांनी खालून वर, बाहेरून आत अशी माती मोकळी करा. क्राउनला धरू नका, पानांच्या देठांचा जुडगा धरा. दुसऱ्या बादलीत हेच पुन्हा आणि तिसऱ्या बादलीत शेवटचं खळबळणं. पाणी जवळजवळ नितळ राहिलं की थांबा.

नळीचा जोरदार फवारा मारून काम दोन मिनिटांत होतं खरं, पण सोबत उरलीसुरली बारीक मुळंही जातात. मधोमध चिकणमातीचा छोटा खडा अडकून बसला आणि तुम्ही कोकोपीटमध्ये लावणार असाल तर तो तसाच सोडा. एनएफटी किंवा टबासाठी मात्र माती पूर्ण निघायला हवी, नाहीतर ती पंपाच्या जाळीत आणि ड्रिपरच्या तोंडात जाऊन बसते. शेणखताचे कण तर हमखास काढा, कारण ते पाण्यात सडतात.

धुतलेली रोपं ओल्या सुती कापडात गुंडाळून ठेवत जा. पंख्याखाली पाच मिनिटं उघडी राहिलेली मुळं सुकतात. मातीचं पाणी झाडांना घाला, पण हायड्रोपोनिकच्या रोपांजवळ ओतू नका. आणि माती काढलेले हात साबणानं धुऊनच टाकीला लावा.

छाटणी आणि बुडवणं

इथे मन घट्ट करावं लागतं. मुळं 10 ते 12 सेंटीमीटर ठेवून स्वच्छ कात्रीनं सरळ कापा. लांब मुळं कपात कोंबली तर ती दुमडून वर वळतात आणि त्या वळणावरच सडतात. काळी, मऊ मुळं मुळापासून काढा. जुनी, खालची, डाग पडलेली पानं देठासकट काढा. मधली दोन-तीन कोवळी पानं आणि कोंब ठेवा. फुलं, कळ्या, फळं आणि रनर सगळे खुडा. मुळं अर्ध्यावर आलेली असताना पाच पानांचं बाष्पीभवन रोपाला पेलवत नाही. मधल्या कोंबाला मात्र कात्री लागता कामा नये, तो गेला की रोप गेलं.

बुरशीचा धोका कमी करण्यासाठी दोन उपाय आहेत आणि ते एकाच वेळी करायचे नाहीत. पहिला, हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधाच्या दुकानातल्या बाटलीवर टक्केवारी बघा. 3 टक्के असेल तर एक भाग औषधाला नऊ भाग पाणी, 6 टक्के असेल तर एकोणीस भाग पाणी. मुळं दोन मिनिटं बुडवा आणि साध्या पाण्यात धुवा. दुसरा, ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, पुड्यावर रोपं बुडवण्यासाठी जे प्रमाण लिहिलं असेल त्या प्रमाणात, पंधरा-वीस मिनिटं. पेरॉक्साइड ट्रायकोडर्मालाही मारतो, म्हणून दोन्ही करायचे असतील तर आधी पेरॉक्साइड, मग धुणं, आणि ट्रायकोडर्मा दुसऱ्या दिवशी कोकोपीटमध्ये रोपाजवळ ओता. पावडरमधला ट्रायकोडर्मा टाकीत घालू नका, त्यातली शंखजिऱ्याची भुकटी ड्रिपर बुजवते. क्राउनच्या आत शिरलेल्या रोगाला मात्र या दोन्हींचा उपयोग नाही. त्यासाठीच तर सुरुवातीला एक रोप चिरायचं.

लावणं

कोकोपीट ओलं करून घ्या. मुठीत दाबलं तर दोन-चार थेंब पडावेत, धार लागू नये. मुळं सरळ खाली जातील एवढा खड्डा करा, पंख्यासारखी पसरवून सोडा, बाजूनं कोकोपीट भरा आणि दोन बोटांनी हलकं दाबा. आता उंची. क्राउनचा खालचा तिसरा हिस्सा कोकोपीटला टेकलेला आणि वरचा सगळा भाग, विशेषतः कोंब, हवेत. पाणी दिल्यावर कोकोपीट बसतं आणि रोपही थोडं खाली जातं, म्हणून सुरुवातीला अर्धा सेंटीमीटर वर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. फार वर राहिला तर नवी मुळं हवेत फुटून सुकतात. फार खाली गेला तर कोंबात पाणी साचून कुजतो. यातली दुसरी चूक रोप घेऊनच जाते, पहिली भर घालून सुधारता येते. शंका असेल तेव्हा वर ठेवा.

नेट कपात लावताना मुळं कपाच्या तळाच्या फटींतून हलकेच खाली ओढून घ्या आणि भोवती धुतलेले लेकाचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे हलके, गोळे भरा. पाइपातला किंवा टबातला पाण्याचा थर मुळांच्या टोकांना भिजवील एवढाच हवा, कपाच्या तळाला तो टेकला तरी पुरे. नवी मुळं खाली उतरली की पातळी दोन-तीन सेंटीमीटरनं कमी करा. वरच्या मुळांना हवा लागते. ड्रिपरचं तोंड क्राउनपासून चार-पाच सेंटीमीटर लांब ठेवा, थेंब थेट क्राउनवर पडू देऊ नका.

पहिले पंधरा दिवस

पहिले दोन-तीन दिवस पूर्ण सावली, मग 50 टक्के शेडनेट, आठवड्यानंतर सकाळचं ऊन, आणि दोन आठवड्यांनी पूर्ण ऊन. दुपारी पानं मलूल होतील. संध्याकाळी सावरत असतील तर काळजी नाही. पानांवर दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा बारीक फवारा द्या, पण संध्याकाळी नको. रात्रभर ओल्या राहिलेल्या कोंबाला बुरशी धरते.

पाण्याचा पीएच 5.8 च्या आसपास, 5.5 ते 6.2 च्या मध्ये. ईसी पहिले तीन दिवस 0.4 ते 0.5, पुढे आठवडाभर 0.6 ते 0.8. रोप कोमेजलेलं दिसलं की खत वाढवायचा मोह होतो. नेमकं तेव्हाच ते घातक असतं, कारण अपुऱ्या मुळांना खारं पाणी ओढायला आणखी कष्ट पडतात.

रोप लागलं हे ओळखायला उपटून बघायची गरज नाही. पहाटे पानांच्या काठावर, प्रत्येक दात्याच्या टोकाला, ओळीनं पाण्याचे थेंब दिसतात. ते दव नाही. दव सगळ्या पानभर पसरतं. हे थेंब मुळांनी रात्री आत ओढलेलं पाणी आहे, पानाच्या कडेतून बाहेर पडलेलं. ते दिसायला लागले की मुळं कामाला लागली. साधारण आठवडा ते दहा दिवसांत हे दिसतं, आणि त्याच सुमाराला मधून नवं चकचकीत पान उघडायला लागतं. जुनी ठेवलेली पानं पिवळी पडली तरी त्यांच्यासाठी जीव टाकू नका.

खताचं गणित

मातीतल्या बागेची सवय असलेले बरेच जण इथेही 19:19:19 हे खत घेतात (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशच्या टक्क्यांचे). त्यात निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीत जिवाणू त्याचं रूपांतर करतात. स्वच्छ पाण्यात ते जिवाणू पुरेसे नसतात, त्यामुळे मीटरलाही नीट कळत नाही आणि रोपालाही. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. म्हणून सुटी विद्राव्य खतं घ्या, कृषी सेवा केंद्रात ती सगळी मिळतात.

100 लिटर पाण्याला पूर्ण ताकदीचं मिश्रण असं: कॅल्शियम नायट्रेट 55 ग्रॅम, 0:52:34 वीस ग्रॅम, 13:0:45 वीस ग्रॅम, 0:0:50 पाच ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 35 ग्रॅम, आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण पुड्यावरच्या हायड्रोपोनिक मात्रेनुसार, ज्यात बोरॉन आहे याची खात्री करून. यातून नत्र साधारण 110, स्फुरद 45, पोटॅशियम 150, कॅल्शियम 100 आणि मॅग्नेशियम 34 पीपीएम मिळतं, ईसी सव्वाच्या आसपास, त्यात तुमच्या पाण्याचा स्वतःचा ईसी वेगळा. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवा, बाकीची दुसऱ्या बादलीत, आणि टाकी पाण्यानं जवळजवळ भरल्यावर एकेक करून ओता. घट्ट द्रावणं एकमेकांत मिसळली तर कॅल्शियमचा सल्फेट आणि फॉस्फेटशी संयोग होऊन तळाला पांढरा गाळ बसतो, आणि तो रोपाला मिळत नाही. पीएच सर्वांत शेवटी जुळवा. अॅसिड नेहमी पाण्यात घाला, अॅसिडमध्ये पाणी नको, आणि हातमोजे घाला.

तिसऱ्या आठवड्यापासून ईसी 1.0, फुलोरा येताना 1.2 आणि फळं भरताना 1.4 पर्यंत न्या. 1.6 च्या वर जायची घरगुती बागेत गरज पडत नाही. ऊन तापलं की ईसी थोडा खाली आणा, कारण रोप तेव्हा खतापेक्षा पाणी जास्त पितं आणि टाकीतला ईसी आपोआप चढतो.

कोकोपीटमध्ये दिवसातून चार ते सहा वेळा थोडं थोडं पाणी द्या, इतकं की दिवसभरात दिलेल्या पाण्याचा चौथा-पाचवा हिस्सा खालून निथळेल. आठवड्यातून एकदा त्या निथळलेल्या पाण्याचा ईसी मोजा. दिलेल्यापेक्षा 0.5 नं जास्त आला तर एक दिवस पीएच जुळवलेलं साधं पाणी सोडून क्षार धुऊन काढा. फिरत्या पाण्याची टाकी दर दहा-पंधरा दिवसांनी पूर्ण बदला. काढलेलं पाणी कढीपत्त्याला, जास्वंदीला घाला.

टाकी सावलीत, पांढऱ्या रंगाची किंवा पोत्यानं गुंडाळलेली, झाकण घट्ट. उजेड शिरला की शेवाळ आलंच. मुळांशी 18 ते 22 अंश तापमान आदर्श, 25 च्या वर जाऊ लागलं तर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या दुपारी टाकीत सोडा.

फुलं कधी ठेवायची

पहिले तीन-चार आठवडे आलेलं प्रत्येक फूल खुडा. त्रास होतो, पण पाच-सहा नवी मोठी पानं झाल्याशिवाय ठेवलेल्या फुलाला बोराएवढं फळ धरतं आणि रोप तिथेच खुंटतं. नवे रनरही कापत राहा.

नंतरची फुलं परागीभवनाशिवाय नीट धरत नाहीत. स्ट्रॉबेरीच्या पृष्ठभागावरचा एकेक ‘बी’ म्हणजे खरं तर वेगळं फळ आहे आणि ज्याचं परागीभवन झालं त्याच्या भोवतीचाच गर फुगतो. म्हणून वेडंवाकडं, एका बाजूला चपटं फळ आलं तर खताआधी मधमाशी आठवा. उघड्या गच्चीवर सातेरी, फुलोरी, पोयाच्या माश्या काम करतात. जाळी लावलेल्या बाल्कनीत किंवा घरात मऊ ब्रश घेऊन सकाळी दहा ते दुपारी बाराच्या सुमारास प्रत्येक फुलाच्या मधोमध गोल फिरवा, फूल उघडल्यापासून दोन-तीन दिवस रोज.

बिघडलं तर

मुळाशी ओल आहे आणि तरीही रोप संध्याकाळीसुद्धा सावरत नाही, ही सर्वांत वाईट खूण. हलकेच ओढून बघा. क्राउनपासून सहज सुटून आलं तर ते काढून टाका, त्याचं कोकोपीटही फेका आणि टाकी धुवा. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह मिळत नाही, आणि दहापैकी नऊ वेळा पीएच साडेसहाच्या वर गेलेला असतो. आधी तो उतरवा, लोहाचं खत नंतर. नव्या पानांची टोकं जळल्यासारखी काळी आणि सुरकुतलेली दिसली तर कॅल्शियम टोकापर्यंत पोचत नाहीये. बहुधा ईसी जास्त असतो किंवा कोकोपीट मुरवलेलं नसतं. नुसतं कॅल्शियम वाढवून हे सुटत नाही.

फेब्रुवारीत ऊन चढलं की लाल कोळी येतो. पानामागे बारीक जाळी, वरून फिके ठिपके. पानांच्या मागच्या बाजूनं पाण्याचा फवारा आणि निंबोळी तेल, लवकर सुरुवात केली तर पुरतं. पानं वाटीसारखी वर वळून खाली पांढुरकं दिसलं तर भुरी.

जुन्या रोपासाठी दुसरी वाट

कुंडीतलं आवडतं रोप जुनं असेल, पण निरोगी असेल, तर ते मातीतच राहू द्या. उन्हाळ्याच्या तोंडापासून पावसाळ्यापर्यंत ते रनर सोडतं. कुंडीशेजारी मुरवलेल्या कोकोपीटचे छोटे कप मांडा आणि रनरच्या टोकाला आलेलं पिल्लू, बुडाशी मुळांचे बारीक ठिपके दिसत असताना, कपावर टेकवून वाकवलेल्या तारेनं अडकवा. कप ओला ठेवा, खत लागत नाही, तीन-चार आठवडे आई पोसते. हलकं ओढल्यावर पिल्लू घट्ट वाटलं की दोर कापा. या रोपानं माती पाहिलेलीच नसते, धुणं नाही, छाटणी नाही, थेट यंत्रणेत लावायचं. एका रनरवरची पहिली दोन पिल्लं घ्या, पुढची बारकी सोडून द्या. फक्त आई रोगट असेल तर रोग दोरातूनही उतरतो, तेव्हा तिचे रनर वापरू नका.

मार्चअखेर पुण्या-मुंबईत फळं लहान आणि आंबट व्हायला लागतात. तेव्हा रोपांना खतपाणी घालत एप्रिल-मे काढण्यात फारसा अर्थ नाही. दोन-तीन धडधाकट रोपं अर्ध्या सावलीत, 0.8 ईसीवर, फुलं खुडून रनरसाठी ठेवा आणि बाकीची काढा. कोकोपीट उन्हात वाळवून, जुनी मुळं चाळून, पुन्हा कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात मुरवलं तर पुढच्या हंगामाला वापरता येतं, पण ज्या पिशवीत रोप कुजलं होतं तिथलं नाही.